तिने नाव घेतलं नव्हतं

२१ फेब्रुवारी १८५८, रविवार. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या लूर्द गावात संध्याकाळची प्रार्थना संपली. माणसं चर्चमधून बाहेर पडत होती. पोलीस कमिशनर जाकोमे याने त्यातल्या चौदा वर्षांच्या एका मुलीला बाजूला घेतलं आणि आपल्या घरी नेऊन समोर बसवलं. बर्नादेत सुबिरू तिचं नाव. दम्याने खंगलेली, उंची जेमतेम एक मीटर चाळीस सेंटिमीटर, लिहिता-वाचता येत नाही, प्रथम कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधीही अजून झालेला नाही. बाप एके काळी पाणचक्की चालवायचा. धंदा बुडाला आणि सगळं कुटुंब गावच्या जुन्या तुरुंगातल्या एका खोलीत येऊन राहिलं. कैद्यांच्या तब्येतीला बरी नाही म्हणून सरकारने सोडून दिलेली ती खोली होती.

नदीकाठच्या कपारीत आपल्याला काहीतरी दिसतं, असं ती सांगत होती. जाकोमेने तिची जबानी लिहून घेतली. मग तीच तिला वाचून दाखवताना त्याने मुद्दाम तपशील फिरवले. पोलिसांची जुनीच युक्ती ती. रचून सांगणारा माणूस एक तर गोंधळतो, नाहीतर मान डोलावून मोकळा होतो. बर्नादेत दर वेळी थांबवत राहिली. मी असं म्हटलं नाही. हेही म्हटलं नाही. साहेब, तुम्ही सगळं बदललंत. पवित्र मरिया दिसली असं तू सांगतेस ना, या प्रश्नावर तर तिने सरळ नकार दिला. पवित्र मरिया दिसली असं ती कुठेच म्हणाली नव्हती.

ती म्हणायची ‘अक्वेरो’. तिच्या गावच्या बोलीत याचा अर्थ ‘ते’. आपल्या मराठीत नाव माहीत नसलेल्या, पण समोर असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवून आपण ‘ते’ म्हणतो, तसं नपुंसकलिंगी ‘ते’. पांढऱ्या कपड्यातलं, निळ्या कमरपट्ट्याचं, पायांवर पिवळं गुलाब असलेलं, तिच्याएवढ्याच उंचीचं ‘ते’. देवमातेचं नाव गावाने दिलं होतं. तिने ते घेतलं नव्हतं.

कॅथलिक साक्षात्कारांबद्दल वाद घालताना दोन्ही बाजू बहुतेक वेळा सूर्य फिरला का, पाणी कुठून आलं, आजार कसा बरा झाला इथून सुरुवात करतात. मला मात्र जाकोमेच्या त्या टेबलापाशीच थांबावंसं वाटतं. कुणी काय पाहिलं हे आपल्याला कधीच कळणार नाही. पाहिलं असं सांगणाऱ्याला कुणी, कधी, काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, हे मात्र कागदावर आहे.

आपल्याकडे देवीने दृष्टांत दिला, मूर्ती स्वयंभू आहे, असं कुणी सांगितलं की मानायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्याची फाइल उघडत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेत फाइल उघडते, साक्षीदार बोलावले जातात, डॉक्टरांचं मत घेतलं जातं आणि शेवटी सहीचा निकाल येतो. एवढ्या तपासणीनंतर ख्रिस्तसभा जे ‘हो’ म्हणते, ते किती लहान असतं हे श्रद्धावानांनाही सहसा ठाऊक नसतं आणि टीका करणाऱ्यांनाही.

आधी लूर्दचीच फाइल. ११ फेब्रुवारीला बर्नादेत, तिची बहीण आणि एक मैत्रीण सरपण गोळा करायला गाव्ह नदीकाठच्या मासाबिएल या कपारीपाशी गेल्या आणि तिथे तिला पहिल्यांदा ‘ते’ दिसलं. १६ जुलैपर्यंत एकूण १८ वेळा दिसलं. २५ फेब्रुवारीला तिने कपारीतली माती उकरली आणि निघालेलं गढूळ पाणी तीनदा टाकून चौथ्यांदा प्यायली. तिथलं गवतही खाल्लं. चेहरा चिखलाने माखलेला. जमलेल्या लोकांना वाटलं, पोरीला वेड लागलं. पुढे तोच झरा स्वच्छ वाहू लागला. ४ मार्चला काहीतरी मोठं घडणार म्हणून सुमारे आठ हजार माणसं जमली आणि काहीच घडलं नाही. गावचे धर्मगुरू पेरामाल यांनी अट घातली होती की त्या स्त्रीने नाव सांगावं आणि कपारीतलं जंगली गुलाबाचं झुडूप ऐन थंडीत फुलवून दाखवावं. झुडूप फुललं नाही.

नाव मात्र २५ मार्चला आलं, तेही तिच्याच बोलीत: ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे.’ विसरू नये म्हणून ती ते शब्द पुटपुटत धर्मगुरूंच्या घरापर्यंत आली. पेरामाल चक्रावले. कुणी स्वतःला ‘निष्कलंक गर्भातून जन्मलेली’ म्हणेल, खुद्द ‘गर्भसंभव’ कसं म्हणेल? वाक्य व्याकरणालाही पटत नव्हतं आणि धर्मशास्त्रालाही.

या वाक्यावरचा वाद आजही संपलेला नाही. मरिया मूळ पापाच्या डागाशिवाय गर्भात आली, हा सिद्धांत पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी, म्हणजे जेमतेम तीन वर्षांपूर्वी, जाहीर केला होता. श्रद्धावान विचारतात, निरक्षर मुलीला हा शब्द सुचेलच कसा? टीकाकार म्हणतात, ८ डिसेंबरचा सण गावात होत होता, प्रवचनात शब्द कानावर पडलाच असेल. मला दोन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात. शब्द कानावर पडला असणं सहज शक्य आहे. पण ऐकलेला शब्द घोकून सांगणारी मुलगी तो प्रवचनात असतो तसा, सरळ रूपात सांगेल. अर्थ कळला नाही म्हणून तिने तो नंतर दुसऱ्या बाईला विचारला, ही नोंद मला झऱ्यापेक्षाही बोलकी वाटते. त्या नोंदीने दर्शन सिद्ध होत नाही, पण रचल्याची शंका बरीच कमी होते.

लूर्दच्या कागदपत्रांत आणखी एक गोष्ट आहे, जी भक्तिपुस्तिकांत सहसा येत नाही. एप्रिलच्या मध्यापासून गावात दर्शनांची साथच आली. सुमारे पन्नास जणांनी, त्यात बरीच मुलं, आपल्यालाही कपारीत काहीतरी दिसतं असं सांगितलं. कुणी थरथरायचं, कुणी तोंडं वेडीवाकडी करायचं, कुणी लोकांच्या जपमाळा मागून घ्यायचं. दर्शनाचा दावा खोटा ठरवणं सोपं असतं. खरी कसोटी लागते ती पन्नास खोट्यांमधून एक वेगळा काढताना. बर्नादेतचं वेगळेपण तपासणाऱ्यांना साध्या गोष्टींत सापडलं. तिने पैसे घेतले नाहीत. जबाब महिनोन्‌महिने बदलला नाही. विचारल्याशिवाय ती बोलत नव्हती. पटवून देण्याची घाई तर तिला नव्हतीच. मला हे सांगायला सांगितलंय, तुम्हाला पटवून द्यायला नाही, असं तिचं उत्तर नोंदलेलं आहे.

तार्ब धर्मप्रांताचे बिशप लोराँस यांनी २८ जुलै १८५८ रोजी चौकशी आयोग नेमला, म्हणजे शेवटचं दर्शन होऊन गेल्यावर. हे महत्त्वाचं आहे, कारण चालू असलेल्या घटनेवर निकाल देणं म्हणजे वाहत्या पाण्याची खोली मोजणं. त्या वेळी कपारीला सरकारने फळ्या ठोकल्या होत्या. त्या ऑक्टोबरमध्ये, सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने निघाल्या. नगरपालिकेला वेगळीच आशा होती. आजूबाजूच्या कोतरे, बारेज या गावांत औषधी पाण्याचे झरे होते आणि त्यांवर गावं चालत होती. लूर्दचं पाणीही तसंच निघालं तर? तूलूझचे रसायनतज्ज्ञ फिलोल यांनी ऑगस्टमध्ये पृथक्करण करून सांगितलं की हे साधं पिण्याचं पाणी आहे, औषधी म्हणावं असं त्यात काही नाही. गावाची आशा मावळली. आयोगाला मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. कुणी बरं झालंच असेल, तर श्रेय पाण्यातल्या क्षारांना देता येणार नव्हतं.

आयोगाने नोव्हेंबरमध्ये लूर्दला येऊन बर्नादेतला प्रश्न विचारले. बरे झालेल्यांचे जबाब घेतले, त्यांच्या डॉक्टरांना गाठलं आणि ती प्रकरणं व्हेर्जेझ या वैद्यकीय प्राध्यापकांसमोर ठेवली. ७ डिसेंबर १८६० रोजी बिशपनी स्वतः तिचं ऐकलं. देवमाता कुणाला गवत खायला सांगेल हे पटतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, आपण कोशिंबिरीचा पाला खातोच की. १८ जानेवारी १८६२ रोजी निकाल आला. देवमाता खरोखर प्रकट झाली, या घटनेत सत्याची सगळी लक्षणं आहेत आणि श्रद्धावानांनी तिच्यावर विश्वास ठेवणं योग्य आहे, असं त्यात म्हटलं होतं. सात आजारमुक्ती मान्य झाल्या. शेवटी, हा निर्णय पोपच्या निर्णयाच्या अधीन आहे, असंही नम्रपणे नोंदवलं होतं.

‘योग्य आहे.’ ‘बंधनकारक आहे’ असं नाही. वादातली निम्मी गरमी हा फरक न कळल्याने येते. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तीनी, म्हणजे पुढचे पोप चौदावे बेनेडिक्ट, यांनी हे नेमकं मांडून ठेवलं होतं. अशा साक्षात्काराला दिलेली मान्यता म्हणजे नीट तपासून, लोकांच्या भल्यासाठी तो प्रसिद्ध करायला दिलेली परवानगी. त्यावर ठेवायचा विश्वास मानवी आहे, धर्मश्रद्धेचा नाही. कॅथलिक शिकवणीनुसार प्रकटीकरण ख्रिस्तात पूर्ण झालं, त्यात भर पडत नाही. नंतरचं सगळं ‘खासगी’, मग ते पाहायला सत्तर हजार लोक जमोत. रोज मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्या माणसाने लूर्दवर विश्वास ठेवला नाही, तरी त्याच्या कॅथलिकपणाला धक्का लागत नाही. आणि बर्नादेतला १९३३ मध्ये संतपद मिळालं ते दर्शन झालं म्हणून मिळालं नाही. नेव्हेरच्या मठात आजारी पडून, दुसऱ्यांची सेवा करत ३५व्या वर्षी संपलेल्या आयुष्यासाठी ते होतं.

आजारमुक्तीच्या तपासाचं आजचं यंत्रही याच लाम्बेर्तीनींच्या कसोट्यांवर चालतं. आजार गंभीर हवा, सहज बरा होणारा नको. निदान कागदोपत्री पक्कं हवं. औषधाने गुण आला असण्याची शक्यता नको. सुधारणा अचानक, पूर्ण आणि टिकणारी हवी. लूर्दला १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरं वाटलं म्हणून येणाऱ्याची पहिली भेट तिथल्या डॉक्टरांशी होते आणि त्या दिवशी गावात असलेला कोणताही डॉक्टर, श्रद्धावान असो की नास्तिक, त्या तपासणीत बसू शकतो. पुढे अनेक वर्षं पाठपुरावा होतो. मग १९४७ साली सुरू झालेली आणि १९५४ पासून आंतरराष्ट्रीय असलेली वैद्यकीय समिती प्रकरण पाहते. ही समिती ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारत नाही. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने उलगडा होत नाही, एवढंच ती म्हणते. चमत्कार म्हणायचं की नाही, ते त्या माणसाच्या स्वतःच्या धर्मप्रांताचे बिशप ठरवतात.

बहुतेक प्रकरणं कुठे अडतात? लूर्दला येण्याआधीचे तपासणी अहवाल अपुरे असतात. किंवा रुग्णाने केमोथेरपी, शस्त्रक्रिया, स्टिरॉइड असं काहीतरी घेतलेलं असतं आणि श्रेय वेगळं काढता येत नाही. वैद्यकशास्त्र जितकं पुढे जातं, तितकी ही कसोटी पार करणं अवघड होतं. कार्यालयाकडे सात हजारांहून अधिक आजारमुक्तींची नोंद झाली, २०१८ पर्यंत त्यातल्या ७० मान्य झाल्या. सत्तरावी एका फ्रेंच सिस्टरची. मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाच्या नसांचा तिचा आजार २००८ मध्ये गेला आणि मान्यता यायला जवळजवळ दहा वर्षं लागली. हे प्रमाण ऐकून कुणी निराश होतो, कुणी हसतो. मला त्यातून आदर वाटतो. जो माणूस ‘मी बरा झालो’ म्हणून आनंदाने आला, त्याला ‘आम्हाला खात्री नाही’ असं सांगण्याचं धैर्य या कार्यालयाने शेकडो वेळा दाखवलं आहे.

खरी अडचण बहुधा मान्यतेनंतर सुरू होते, आणि ती दर्शन पाहणाऱ्यांच्या उरलेल्या आयुष्यात असते. आल्प्समधल्या ला सालेतला १९ सप्टेंबर १८४६ रोजी दोन गुराखी मुलांना रडणारी स्त्री दिसली. मेलानी १४ वर्षांची, मॅक्सिमँ ११ वर्षांचा. १८५१ मध्ये मान्यता मिळाली. मेलानी पुढे मठामठांतून फिरत राहिली आणि १८७९ मध्ये तिने आपल्याला मिळालेलं ‘गुपित’ म्हणून विनाशाच्या भविष्यवाण्यांनी भरलेला मजकूर छापला. रोमने तो १९२३ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकला. दर्शन मान्य आणि दर्शन पाहणारीने नंतर लिहिलेलं अमान्य, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हे नीट समजून न घेतल्याने किती तरी चांगली माणसं नको त्या पत्रकांच्या नादी लागली.

फातिमाचा पेचही याच जातीचा. पोर्तुगालमध्ये १३ मे ते १३ ऑक्टोबर १९१७ या काळात तीन मुलांना दर्शनं झाली. फ्रान्सिस्कोला दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं, जासिंताला दिसत-ऐकू येत होतं, बोलत फक्त लुसिया होती. ऑगस्टमध्ये स्थानिक प्रशासकाने मुलांना उचलून नेलं, तरी ती बधली नाहीत. ऑक्टोबरच्या गर्दीतल्या अनेकांनी सूर्य फिरताना पाहिल्याचं सांगितलं, काहींना काहीच दिसलं नाही, आणि सूर्य पृथ्वीवर सगळीकडे एकच असल्याने आकाशात तसं काही घडलं नव्हतं हे उघड आहे. जे घडलं ते त्या माळावर, त्या माणसांच्या डोळ्यांत घडलं. त्या दिवशीच्या चौकशीत लुसियाने युद्ध आजच संपतंय असंही सांगितलं. पहिलं महायुद्ध आणखी १३ महिने चाललं. १९३० मध्ये बिशपनी दर्शनं विश्वासार्ह ठरवली.

पण जगाला ठाऊक असलेला फातिमा, म्हणजे नरकाचं दृश्य, रशिया मरियेला अर्पण करण्याची मागणी आणि तीन गुपितं, मुख्यतः लुसियाच्या त्यानंतरच्या लिखाणातून आला. जेझुइट संघाचे बेल्जियन धर्मगुरू एदुआर दानिस यांनी म्हणूनच १९१७ च्या जबाबांतला फातिमा आणि नंतरच्या आठवणींतला फातिमा असे दोन भाग पाडले. त्यांच्यावर पुष्कळ चिखलफेक झाली. माझ्या मते त्यांनी अभ्यासकाचं कर्तव्य केलं. २००० साली तिसरं गुपित छापताना कार्डिनल रात्सिंगर (पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांनी जोडलेलं विवेचनही याच सावध वाटेने जातं. असं दर्शन कॅमेऱ्यासारखं नसतं, त्यात पाहणाऱ्याच्या कल्पनाशक्तीचा आणि त्याच्या जगातल्या प्रतिमांचा वाटा असतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

आणि मग मेजुगोरिये. २४ जून १९८१ पासून तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या, हर्झेगोविनामधल्या या गावी सहा मुलांना दर्शनं सुरू झाली. ती मुलं आता आजी-आजोबांच्या वयाची आहेत आणि त्यातल्या काहींना आजही रोज दर्शन होतं असं ती सांगतात. लूर्दला १८ वेळा, फातिमाला सहा वेळा. इथे मोजणं सोडून द्यावं लागतं. स्थानिक बिशपांचा विरोध, त्यांचा फ्रान्सिस्कन धर्मगुरूंशी जुना झगडा, १९९१ मध्ये युगोस्लाव्ह बिशपांचा ‘अलौकिक आहे असं सिद्ध झालेलं नाही’ हा निर्वाळा, आणि दुसरीकडे तिथल्या कबुलीघरांपुढच्या रांगा. वर्षानुवर्षं झिजून लूर्दची कागदपत्रं छापणारे फादर रेने लॉरेंतँ मेजुगोरियेचे खंदे समर्थक होते. एवढा कसलेला कागदपत्रांचा माणूस तिकडे झुकला, हे दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१७ मे २०२४ रोजी रोमने नवे नियम काढले. आधीचे १९७८ चे होते आणि त्यांत निकाल तीन होते: अलौकिक आहे, अलौकिक नाही, सिद्ध झालेलं नाही. अॅम्स्टरडॅममध्ये याचा घोळ झाला. एका बिशपने १९५६ मध्ये नाकारलेलं दर्शन २००२ मध्ये त्याच गादीवरच्या दुसऱ्या बिशपने मान्य केलं आणि शेवटी रोमला मध्ये पडावं लागलं. आता बिशपने किमान एक धर्मशास्त्रज्ञ, एक धर्मविधिज्ञ आणि विषयानुसार एक तज्ज्ञ घेऊन चौकशी करायची, पण जाहीर करण्याआधी रोमची संमती घ्यायची. निकाल सहा प्रकारचे. सर्वांत वरचा म्हणजे ‘हरकत नाही’. मधले वेगवेगळ्या पायरीची सावधगिरी सांगणारे, पाचवा मनाई करणारा, आणि सहावा ‘हे अलौकिक नाही’ असं ठाम सांगणारा. ‘अलौकिक आहे’ असं आता कुणी बिशप सहसा म्हणणार नाही, त्यासाठी पोपनेच अपवाद करायला हवा. मेजुगोरियेला १९ सप्टेंबर २०२४ रोजी ‘हरकत नाही’ मिळालं. यात्रा करा, प्रार्थना करा, पण दर्शन पाहणाऱ्यांना भेटायला म्हणून जाऊ नका, असं सोबत बजावलं.

या नियमांमागची काळजी मला कळते. पैसा, प्रसिद्धी, सत्ता यांसाठी दर्शनांचा वापर झाला आहे, कुठे कुठे शोषणासाठीही. मोबाइलवरून ‘संदेश’ एका दिवसात जगभर जातो आणि बिशपची चौकशी वर्षानुवर्षं चालते. तरीही एक गोष्ट हातची गेली असं मला मनापासून वाटतं. लोराँस यांनी साडेतीन वर्षं माणसं ऐकली आणि मग आपल्या सहीने ‘खरोखर प्रकट झाली’ असं लिहिलं. चुकण्याचा धोका त्यांनी पत्करला होता. ‘हरकत नाही’ या शब्दांत तसा धोका कुणीच पत्करत नाही, आणि जी मुलगी खरं सांगत असेल तिला आयुष्यभर त्या अर्धवट उजेडात उभं राहावं लागेल.

ज्या दर्शनांची फाइलच होऊ शकत नाही, त्यांचं काय? वसईहून, गोव्याहून माणसं तमिळनाडूतल्या वेलंकनीला जातात. दूध नेणाऱ्या मुलाला तळ्याकाठी दिसलेली माता, ताक विकणारा पांगळा मुलगा, वादळातून वाचलेले पोर्तुगीज खलाशी. जबाब नाहीत, त्या काळचा आयोग नाही. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधल्या क्रुसावर १६१९ मध्ये ख्रिस्त दिसला, तीही परंपराच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रोमने वेलंकनीबद्दल पत्र पाठवलं, त्यात तिथल्या भक्तीचं आणि येणाऱ्या यात्रेकरूंचं कौतुक आहे. जाकोमेचं टेबल तिथे नव्हतं. शेकडो वर्षं तिथे येणाऱ्यांचा अनुभव हाच तिथला दस्तऐवज.

लूर्दच्या कपारीत आज जी मूर्ती आहे, ती लियोंचे शिल्पकार फाबिश यांची, १८६४ मध्ये बसवलेली. त्यांनी बर्नादेतला समोर बसवून बारीकसारीक विचारलं होतं. हात कसे जुळवले, मान कशी होती, पट्टा कुठपर्यंत. मग त्यांनी संगमरवरात एक उंच, प्रौढ स्त्री घडवली, नजर आभाळाकडे लावलेली. बर्नादेतने पाहिली ती तिच्याएवढी लहान होती. मूर्ती पाहून ती म्हणाली की सुंदर आहे, पण ही ती नाही. मालाडच्या ऑर्लेमपासून वसईच्या अंगणांपर्यंत दगड-सिमेंटच्या छोट्या गुंफांत आपल्याकडे जी ‘लुर्ड्स माता’ उभी असते, पांढरा झगा, निळा पट्टा, वर पाहणारे डोळे, ती याच मूर्तीची प्रत. तिच्यासमोर गुडघे टेकणाऱ्याच्या मनात जी असते, ती कशी दिसते हे कुणी विचारत नाही.